थांबासरांचा पहिला जबाब

तंत्रशाळेच्या मागच्या बाजूला पत्र्याच्या छताची एक लांबट कार्यशाळा होती. तिच्या दाराला त्या शुक्रवारी कुलूप लागलं ते लागलंच, कुलपावर कागदाची पट्टी आणि पट्टीवर शाळेचा शिक्का. तरी थांबासर रोज सकाळी आठाच्या ठोक्याला तिथे येऊन उभे राहायचे. सव्वीस वर्षांची सवय, पाय आपोआप वळायचे. खिशात हात घालायचे, चाव्यांचा जुडगा तिथे नसायचा, कारण तो प्राचार्यबाईंनी काढून घेतला होता. मग थोडा वेळ मळक्या काचेतून आत बघायचे आणि परत फिरायचे. आत सगळं जसंच्या तसं होतं. टेबलावर उघडी पक्कड, स्टुलावर कुणाचा तरी सुरक्षेचा चष्मा आणि मधोमध हमाल, हात अर्धवट वर करून उभा. खालची फरशी तेवढी शिपायाने पुसून घेतली होती.

हमाल म्हणजे पोरांनी बनवलेला रोबॉट. खोकी उचलायची आणि फळीवर रचायची एवढंच त्याचं काम, म्हणून हमाल. नावं ठेवण्यात ही पोरं पटाईत. कार्यशाळेचे निदेशक थांबासर झाले, कारण त्यांचं प्रत्येक वाक्य ‘थांबा’पासून सुरू व्हायचं. थांबा, चष्मा कुठे आहे? थांबा, केस बांध आधी. थांबा, ड्रिलच्या डोक्यात चावी तशीच ठेवून बटण दाबणार काय, कुणाचा डोळा फोडायचाय? एकदा कुणीतरी विचारलं, सर, लग्नातसुद्धा तुम्ही थांबा म्हणालात का? सर म्हणाले, "म्हणालो होतो. बाईंनी ऐकलं नाही." हसून हसून पोरांची पोटं दुखली. पण सव्वीस वर्षांत त्या कार्यशाळेत खरचटण्यापलीकडे कुणाला काही झालं नव्हतं, आणि ही हसण्यावारी न्यायची गोष्ट नव्हे. लेथ, ड्रिल, ग्राइंडर, पत्रा कापायची कात्री, आणि त्यांच्यापुढे सोळा-सतरा वर्षांची, अंगात वारं भरलेली पोरं. करून दाखवा बघू.

रोबॉटच्या संघात तिघंच होते. एक कप्तान, उंच, बोलका, सगळ्यात पुढे. दुसरा कोडवाला, जो संगणकातून मान वर काढायचा तो फक्त तक्रार करायला. आणि तिसरी चिमटी. हिची बोटं अशी बारीक आणि अशी स्थिर की जिथे चिमटा पोचायचा नाही तिथे ही पोचायची. यंत्राच्या पोटात कुणाचा स्क्रू पडला की हाका सुरू, चिमटी, ए चिमटी! तिला टूलरूमच्या शाखेत जायचं होतं, साचे बनवायचे होते, केसाच्या जाडीची कामं करायची होती. पुढच्या वर्षीची तिची जागा जवळजवळ पक्की होती. असा हात दहा वर्षांत एकदा येतो, असं सर घरी बायकोला सांगायचे.

हमालासाठी सरांनी दोन नियम घातले होते. पहिला किल्लीचा. हमालाच्या पाठीवर एक लाल किल्ली होती, तिला पिवळी दोरी. किल्ली काढली की वीज तुटली, मग खुद्द ब्रह्मदेवाने बटण दाबलं तरी हमाल हलायचा नाही. ज्याला हात आत घालायचा असेल त्याने आधी किल्ली काढून स्वतःच्या गळ्यात अडकवायची, आणि हात बाहेर आल्यावरच परत लावायची. दुसरा नियम हाळीचा. बटण दाबणाऱ्याने ओरडायचं, "हात?" आणि बाकीच्यांनी दोन्ही हात वर करून ओरडायचं, "बाहेर!"

हाळी पोरांना फार आवडली. शाळेत पाहुणे आले की प्राचार्यबाई त्यांना मुद्दाम कार्यशाळेत आणायच्या. पोरं ठेक्यात ओरडायची, पाहुणे टाळ्या वाजवायचे, सर कोपऱ्यात उभे राहून मिशीतल्या मिशीत हसायचे. आणि खरं सांगायचं तर इथेच माशी शिंकली. एखाद्या गोष्टीची गंमत झाली की माणूस ती नुसती तोंडाने करायला लागतो. हळूहळू हात वर जायचे बंद झाले. पोरं मान खाली घालून, नट आवळत आवळत "बाहेर!" म्हणायची. सरांना दिसत नव्हतं असं नाही. एक-दोनदा ते रागावले, मग त्यांनी सोडून दिलं. किल्ली आहे ना, मग काय होतंय, म्हणाले.

मग किल्लीही गेली. स्पर्धा सहा दिवसांवर आली होती आणि हमाल काही खोकं नीट ठेवीना. किल्ली काढून परत लावली की त्याला आपला हात कुठे आहे तेच कळायचं नाही, पुन्हा पहिल्यापासून शोधत बसायचा, त्यात चार मिनिटं जायची. तासात दहा वेळा किल्ली काढायची म्हणजे चाळीस मिनिटं पाण्यात. कोडवाला रडकुंडीला आला होता. गुरुवारी दुपारी थांबासर, ज्यांनी सव्वीस वर्षं अख्ख्या शाळेला थांबवलं तेच थांबासर, म्हणाले, "राहू दे किल्ली आत. आवाज द्या आणि चालवा."

कप्तानाने दचकून पाहिलं. "नक्की, सर?"

"अरे हो. डोळे उघडे ठेवा म्हणजे झालं."

घाई माणसाकडून काय वदवून घेईल याचा नेम नाही.

शुक्रवारी सव्वाचार वाजता हमालाची साखळी दातेरी चाकावरून उतरायला लागली. चिमटी पलीकडच्या बाजूला गुडघ्यांवर बसून ती चढवत होती. हमालाच्या धुडाआड ती कप्तानाला दिसत नव्हती आणि वाकून बघावं असं त्याला वाटलं नाही. सर दारात भांडारवाल्याशी बोलत होते. कप्तान ओरडला, "हात?" दोन आवाज आले, "बाहेर!" त्यातला एक चिमटीचा होता. तिचा उजवा हात त्या क्षणी साखळीवर होता.

आता तुम्ही म्हणाल, असं कसं होईल, स्वतःचा हात आत आणि पोरगी बाहेर म्हणते? अहो, होतं. अंगात ताप असलेल्या माणसाला विचारा, काय, कसं काय? तोही म्हणतो, मजेत. तोंडाला वळण लागलेलं असतं, तोंड बोलून मोकळं होतं. हाताला कुणी विचारलेलंच नसतं.

तर्जनी दुसऱ्या पेरापासून गेली आणि मधल्या बोटाचं टोक. सरांनी धावत जाऊन बटण बंद केलं, स्वतःचा रुमाल फाडून हात आवळून बांधला, वर धरून ठेवला, पोरीला उचलून गाडीपर्यंत नेलं. ते सगळं त्यांनी बिनचूक केलं, त्याबद्दल कुणी बोट दाखवू शकणार नाही. ते गाडीत चढणार तेवढ्यात प्राचार्यबाईंनी त्यांचा दंड धरला. "तिच्याबरोबर मी शिपायाला पाठवते. तुम्ही आधी हा कागद भरा. तासाभरात वर कळवावं लागतं, नाहीतर माझ्या डोक्याला ताप."

छापील कागद होता. बाहीला अजून ओल होती, ती कागदाला लागू नये म्हणून सरांनी हात उचलून धरला होता. सातवा प्रश्न असा होता: यंत्राचा वीजपुरवठा तोडण्याचा नियम आहे काय, आणि असल्यास तो पाळला जात होता काय? सर एरवी एका वेल्डिंगच्या टाक्यावर अर्धा तास डोकं खाजवणारे. इथे त्यांनी श्वाससुद्धा घेतला नाही. लिहिलं, ‘होय. रोज.’ आणि सही ठोकली. खोटं बोलायचं असं ठरवून ते बोलले नाहीत, भीती आधी पोचली एवढंच. पण कागदाला त्याचं काय? कागद गेला. आणि तो गेल्यावर कप्तान आणि कोडवाल्याला बोलावलं, सरांनी असं असं लिहिलंय, तुम्हाला काय म्हणायचंय, असं विचारलं. त्यांनीही तेच लिहिलं. किल्ली रोज काढायचो, त्या दिवशी ती विसरली असेल.

चौकशीचा नियम सरांना तोंडपाठ होता, कारण शाळेसाठी तो त्यांनीच वीस वर्षांपूर्वी लिहून दिला होता. शेवटी दोनच रकाने. विद्यार्थ्याचा निष्काळजीपणा असेल तर त्या विद्यार्थ्याने पुन्हा कुठल्याही कार्यशाळेत पाऊल ठेवायचं नाही, त्याला पत्रं लिहायच्या आणि फायली लावायच्या शाखेत धाडायचं. देखरेखीतली चूक असेल तर निदेशक घरी. म्हणजे चिमटी किंवा सर, दोघांपैकी एकाला बाहेर जायचं होतं. डॉक्टर म्हणाले होते, अंगठा शाबूत आहे, बाकीची बोटं शिकतील, वर्षभरात पोरगी फाइल, म्हणजे कानस, धरेल. पण कार्यशाळेत पाऊलच ठेवता येणार नसेल तर फाइल धरून करायचं काय, नखं घासायची?

पाच दिवस सरांनी कुणाला सांगितलं नाही. पानावर बसायचे आणि अर्धं जेवण टाकून उठायचे. पाचव्या दिवशी दुपारी जेवताना बायकोने पाणी पुढे ठेवलं आणि म्हणाली, "हे पोरीच्या बोटांचं दुःख नाही. बोटांच्या दुःखाने माणूस रडतो. तुम्ही लपताय. काय झालंय?" तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं.

बायकोने वाढायचा डाव खाली ठेवला. मग म्हणाली, "आणि तुम्ही इथे बसून जेवताय?"

"मग काय करू?"

"उठा. हात धुवा. जा आणि सांगा."

"अगं, निवृत्तीला तीन वर्षं राहिलीत."

"तुमची तीन राहिलीत. तिची चाळीस राहिलीत, त्यांचं काय?"

सर म्हणाले, चौकशीच्या दिवशी सांगतो, सगळ्यांसमोर, रीतसर. बायको म्हणाली, आज का नाही? धीर गोळा करत होते म्हणे. धीर म्हणजे काय हौदातलं पाणी आहे, तोटी उघडी ठेवली की आपोआप साठायला! न सांगितलेल्या गोष्टीचं उलट असतं, दर दिवशी ती जड होत जाते. बायकोने पुढे वाद घातला नाही, पण त्या दिवसापासून ती त्यांच्याशी कामापुरतं बोलायला लागली.

दुसऱ्या दिवशी ते दवाखान्यात गेले. चिमटी झोपली होती. व्हरांड्यात बाकावर तिची आई बसली होती, कपड्यांच्या कारखान्यात काज-बटणं करणारी, सडपातळ, डोळ्यांखाली काळं झालेलं. सरांना बघून ती उठूनच उभी राहिली.

"सर, तुम्ही हात बांधलात म्हणून बाकीची बोटं वाचली. डॉक्टरच म्हणाले. तुमचे उपकार कसे फेडायचे?"

"उपकार कसले, ताई…"

"नाही, नाही. पोरीचीच चूक आहे. मी पण तिला खूप बोलले. एवढं सरांनी शिकवलं आणि तुझं लक्ष कुठे होतं? सारखी रडते हो. हात दुखतो म्हणून नाही, सर काय म्हणतील म्हणून."

सांगायचं तर तेव्हा सांगायचं. समोर बाई उभी होती, व्हरांडा रिकामा होता. थांबासरांचं तोंड उघडलं आणि त्यातून आलं काय, तर, "आराम करू दे तिला." मग ते जिना उतरायला लागले आणि मधल्या पायरीवर बसले. स्वतःची अशी किळस त्यांना जन्मात आली नव्हती. एक नर्स म्हणाली, काका, बरं वाटत नाहीये का? ते म्हणाले, मजेत आहे.

बाराव्या दिवशी चौकशी झाली. प्राचार्यबाईंच्या खोलीत लांब टेबल मांडलं होतं. तपासनीस बाहेरून आलेला, वयस्क, सौम्य, सर्दीने बेजार झालेला माणूस होता. दर दोन वाक्यांनी तो रुमाल नाकाला लावायचा आणि माफ करा म्हणायचा. त्याच्यापुढे फाइल होती आणि फाइलीत सगळ्यात वर सरांचा कागद.

"तर हा तुमचा जबाब. होय, रोज. बरोबर?"

"नाही," सर म्हणाले. "हा जबाब खोटा आहे. किल्ली गुरुवारपासून आत होती. काढू नका असं मीच सांगितलं होतं. स्पर्धेची घाई होती. मुलीची काही चूक नाही."

प्राचार्यबाईंनी पेन खाली ठेवलं. तपासनिसाने रुमाल खिशात घातला. एवढ्या दिवसांत सरांना पहिल्यांदा छातीवरचा दगड उतरल्यासारखं वाटलं. हुश्श झालं त्यांना. जाऊ दे नोकरी, पोरगी वाचली, असं त्यांना वाटलं, आणि बायकोचा चेहरा डोळ्यांपुढे आला.

"असं कुणासमोर म्हणालात?" तपासनिसाने विचारलं.

"तिघांसमोर. कप्तानाने तर उलट विचारलंही, नक्की का म्हणून. बोलवा त्याला."

कप्तान आला. केस पाणी लावून चापून बसवलेले, शर्टाचं वरचं बटण लावलेलं. एवढा उंचपुरा पोरगा, पण बारा दिवसांत त्याचं वजनच उतरलं होतं. बटण त्याने दाबलं होतं. किल्ली आत आहे हे माहीत असून, पलीकडे वाकून न बघता दाबलं होतं, आणि एकदा लिहून दिलेलं आता फिरवायचं म्हणजे दोन गुन्हे. त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"किल्ली रोज काढायचो, सर," तो तपासनिसाकडे बघून म्हणाला. "नियमच होता तसा."

"अरे, काय बोलतोस?" थांबासर खुर्चीतून उठले. "मी सांगतोय ना! मी स्वतः सांगतोय. घाबरू नकोस, तुला कुणी काही करणार नाही, खरं बोल, राजा."

"साक्षीदाराला सूचना देऊ नका, प्लीज. बसा."

कप्तानाने खाली बघून तेच वाक्य पुन्हा म्हटलं. कोडवाला आला, त्यानेही तेच म्हटलं, शब्दाला शब्द. सर एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत राहिले. कुणावर रागावणार? पोरांनी तेच लिहिलं होतं जे सरांनी लिहिलं होतं. पुढचा बैल जाईल तिकडे मागचा जातो.

मग चिमटी आली. हात गळ्यातल्या झोळीत, त्यावर पांढरं गाठोडं. आई दाराशी थांबली. तपासनिसाने तिला बसायला सांगितलं, पाणी हवं का विचारलं. चांगला माणूस होता तो, एवढं म्हटलंच पाहिजे.

"हात आत घालायच्या आधी किल्ली मी काढायला हवी होती," चिमटी म्हणाली. "मी विसरले. आणि हात आत असताना मी बाहेर म्हणाले. ते तर मला नीट आठवतं."

"गुरुवारी सरांनी किल्ली काढू नका असं सांगितलं होतं का?"

तिने सरांकडे पाहिलं. त्या बघण्यात भीती नव्हती, राग नव्हता, कसलं तरी कोडं पडल्यासारखे डोळे होते. मग ते भरून आले. "नाही," ती म्हणाली. "सर असं कधी सांगणार नाहीत."

"चिमटे, अगं…"

"बसा हो सर," तपासनीस म्हणाला, आणि त्याच्या आवाजात इतका आदर होता की सरांना चपराक बसली असती तर बरं वाटलं असतं. "पस्तीस चौकश्या केल्या मी. प्रत्येक निदेशक विद्यार्थ्यावर ढकलतो. स्वतःवर ओढून घेणारा पहिल्यांदा बघतोय. तुमचं मन कळतं मला. पण पहिला जबाब तासाभरात लिहिलेला, तो ताजा. मुलं तेच म्हणतात, ती स्वतः तेच म्हणते. आता बारा दिवसांनी तुमचं मन भरून आलंय म्हणून मी कागद कसा बदलू?"

"लिहून घ्या," सर म्हणाले. "मी आत्ता जे बोललो ते लिहून घ्या."

"घेतो की." त्याने खरोखरच लिहून घेतलं, चार ओळी, सही घेतली, आणि तो कागद फाइलीत सगळ्यात खाली लावला. मग एका रकान्यात खूण केली आणि शिंकला. प्राचार्यबाई सरांच्या कानाशी वाकल्या. "बस करा आता. स्वतःच्या हाताने स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घ्यायची कसली हौस? शाळेचाही विचार करा जरा."

चोर सोडून संन्याशाला सुळी दिली, तर चोराला निदान पळायला तरी वाट असते. इथे चोर हात जोडून मीच, मीच म्हणत होता आणि लोक त्याची पाठ थोपटत होते.

दुपारी कुलपावरची पट्टी फाडली. चाव्यांचा जुडगा सरांच्या हाती परत आला. त्यांचं पहिलं काम ठरलेलंच होतं. कार्यशाळेतून काढलेल्या विद्यार्थ्याचा कोट, चष्मा आणि प्रवेशपत्र जमा करून घ्यायचं आणि पावतीवर सही द्यायची. चिमटी एकटीच आत आली. कोट आईने धुऊन, इस्त्री करून, घडी घालून दिला होता. डाव्या हाताने तिने तो टेबलावर ठेवला, वर चष्मा, त्यावर प्रवेशपत्र. हमालाकडे तिने पाहिलं नाही.

सरांनी दार लावून घेतलं. "कप्तान घाबरला, ते मी समजू शकतो. तू का खोटं बोललीस? मला वाचवायला? कुणी सांगितलं होतं तुला?"

"खोटं नाही बोलले, सर."

"मग?"

तिने कोटाची घडी डाव्या हाताने सारखी केली. "सर, एक सांगायचं होतं. रागावू नका. पहिले दोन दिवस मला सारखं वाटायचं, किल्ली राहू दे असं तुम्हीच म्हणाला होतात. अगदी तुमचा आवाज कानात यायचा. आईलाही मी तसंच सांगितलं. मग प्राचार्यबाई आल्या, त्यांनी तुमचा कागद वाचून दाखवला. होय, रोज. तेव्हा कळलं, की औषधाच्या गुंगीत मी मनाचंच काहीतरी रचत होते. स्वतःची चूक तुमच्या माथी मारत होते. इतकी लाज वाटली ना, सर. दोन दिवस मी तुम्हाला दोषी समजले. माफ कराल ना?"

थांबासरांनी टेबलाची कड धरली.

"ऐक," ते म्हणाले. "तुला बरोबर आठवत होतं. कागदावर मी खोटं लिहिलं. भ्यालो मी. नोकरी जाईल म्हणून भ्यालो, म्हणून लिहिलं. गुरुवारी मी म्हणालो होतो, कप्तानाने विचारलं नक्की का, मी म्हणालो हो. सगळं तसंच झालं होतं. तुझी काही चूक नाही. ऐकतेस ना?"

तिने सगळं ऐकून घेतलं. मग तिच्या चेहऱ्यावर थोडं हसू आलं, बारा दिवसांतलं पहिलं.

"आई म्हणालीच होती," ती म्हणाली. "सर तुझ्यासाठी काहीही स्वतःवर घेतील."

"अगं, नाही…"

"सही करता ना, सर? आई बाहेर उभी आहे. तिची तीनची पाळी आहे, उशीर होईल."

सरांनी सही केली. तिने पावती डाव्या हाताने उचलली, घडी घालायला उजवा हात पुढे आणला, तो झोळीतच अडकला, मग पावती तशीच उघडी धरली आणि दाराकडे निघाली.

"किल्ली आत होती, बाळ," सर मागून म्हणाले. "मीच सांगितलं होतं."

"हो, सर," ती म्हणाली. घरातल्या भ्रमिष्ट म्हाताऱ्याला माणसं म्हणतात तसं, समजुतीने म्हणाली, आणि त्यांना त्रास होऊ नये म्हणून दार हळूच ओढून घेऊन गेली.